बसायला जागा

म्हातारपणी माणसाला काय लागते, असे गेल्या वर्षापर्यंत मला कोणी विचारले असते तर मी प्राध्यापकी थाटात दोन-चार मोठे शब्द काढून दिले असते. आधार, आपुलकी, मानसन्मान वगैरे. आमच्या धंद्यात शब्दांचा तुटवडा नसतो. पण न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग नावाची जी पेठ आहे, तेथे पाच आठवडे राहून आल्यापासून माझे उत्तर फार लहान झाले आहे. म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा लागते. घरात नव्हे, घराबाहेर. गेल्यावर 'काय काम काढलंत?' असे कोणी विचारीत नाही, आणि एखादे दिवशी गेलो नाही तर 'आज का दिसल्या नाहीत?' असे कोणीतरी विचारते, अशी जागा.

माझे थोरले बंधू पुष्कळ वर्षे तिकडे आहेत. वडील गेल्यावर दादाने आईला वाईहून नेले, त्याला हे चौथे वर्ष. दादा चांगला, वहिनी त्याहून चांगली. आईला स्वतंत्र खोली, खिडकीत तुळस, दूरदर्शन संचावर मराठी मालिका. फोनवर विचारले की "बरं आहे" हे तिचे ठरलेले उत्तर. या दोन शब्दांच्या आड मराठी बाई काय काय झाकून ठेवते, यावर खरे म्हणजे एखाद्याने प्रबंध लिहायला हवा. मी उन्हाळ्याच्या सुटीत गेले तेव्हा आई निम्मी झाली होती. छातीत काहीतरी अडकल्यासारखे होते, अंगातून वाफा निघतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, ही तिची तक्रार. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, पोटात नळी घालून पाहिले. कोठे काही सापडले नाही. सापडले नाही म्हणजे नाहीच, असे समजून सगळे स्वस्थ बसले होते. मीही त्यांतलीच एक.

"आई सकाळी देवळात जाते आणि दुपारपर्यंत परतत नाही," दादा मला विमानतळावरच म्हणाला. "विचारलं तर सांगत नाही. तू बघ जरा."

देऊळ म्हणजे बाऊन स्ट्रीटवरचे गणपतीचे. १९७७ साली तेथे प्रतिष्ठा झाली. तळघरात डोसा मिळतो आणि तो खायला देव न मानणारी माणसेही लांबून येतात. २०२२ साली रस्त्याच्या त्या तुकड्याला गणेशाचे नावही मिळाले. तिसऱ्या दिवशी मी आईच्या मागोमाग निघाले. मुलीने आईच्या पाळतीवर राहावे हे काही बरे नव्हे, पण निघाले खरी. आईने प्रदक्षिणा घातल्या, घंटा वाजवली, चपला घातल्या आणि घराकडे न वळता ती उलट्या दिशेने चालू लागली. पंधरा-वीस मिनिटांत दुकानांवरच्या पाट्या बदलल्या. गोल, चौकोन आणि काठ्या यांची रांगोळी काढावी तशी ती लिपी. एका कोरियन बेकरीचे दार ढकलून आई आत गेली, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

काचेबाहेर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. माझी आई नऊवारी पातळावर लोकरी कोट घालून एका वाटोळ्या चेहऱ्याच्या, आखूड कुरळ्या केसांच्या बाईच्या शेजारी बसली होती. दोघी मिळून एक पाव मोडून खात होत्या. त्या पावात लाल कडधान्याचे गोड पुरण असते हे मला नंतर कळले. त्यात अंडे असते काय, हे आईने आजवर विचारलेले नाही, आणि मीही तिला सांगायला गेले नाही.

"ही हालमोनी," मी आत गेल्यावर आई म्हणाली. पकडली गेल्याची लाज तिच्या चेहऱ्यावर होती, पण फार नव्हती. हालमोनी म्हणजे आजी. ते त्या बाईचे नाव आहे अशी आईची समजूत होती. हालमोनी आईला 'आई' म्हणत होती, कारण दादाने एकदा रस्त्यात तशी हाक मारलेली तिने ऐकली होती. दोघींचा सगळा संवाद या दोन चुकांवर उभा होता आणि तो उत्तम चालला होता.

टेबलाच्या टोकाला एक ताठ कण्याचे, टाय लावलेले गृहस्थ होते. वय त्र्याऐंशी. बाकीचे त्यांना 'सॉनसेंगनिम' म्हणत, म्हणजे गुरुजी. कोरियात देगू शहरी शाळेत ते कोरियन भाषा शिकवीत असत. मीही मातृभाषाच शिकवते हे कळल्यावर त्यांनी उठून मला अर्धे वाकून नमस्कार केला. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मराठी शिकवते म्हणून कोणी उठून उभे राहिल्याचे मला आठवत नाही. गुरुजींचे इंग्रजी पाठ्यपुस्तकी होते, माझेही तसेच. त्यामुळे आमचे जमले. पुढचा महिनाभर त्या टेबलाचे दुभाषे ते होते.

ही मंडळी बेकरीत का बसतात, त्याला एक इतिहास आहे आणि तो वर्तमानपत्रांत गाजलेला आहे. जवळच, पार्सन्स आणि नॉर्दर्न बुलव्हारच्या कोपऱ्यावर, मॅक्डोनल्डचे उपाहारगृह होते. तेथे कोरियन म्हातारे सकाळपासून येत, एक कॉफी किंवा तळलेल्या बटाट्याची लहान पुडी घेत आणि तासन्‌तास बसत. इतर गिऱ्हाइकांना खुर्ची मिळेना. वीस मिनिटांत खाणे संपवावे अशी पाटी लागली. पाटीकडे कोणी पाहीना तेव्हा पोलिसांना बोलावणे गेले. जानेवारी २०१४ मध्ये याचा बोभाटा झाला. कोरियन समाजाने बहिष्काराची भाषा केली. मग रॉन किम हे तेथल्या राज्याच्या विधिमंडळाचे कोरियन वंशाचे सभासद मध्ये पडले आणि तडजोड झाली. अकरा ते तीन या गर्दीच्या वेळी म्हाताऱ्यांनी जागा अडवू नये, एरवी बसावे. दुकानदाराची बाजूही खोटी नव्हती असे मला आजही वाटते. एका कॉफीवर सकाळ काढणारी गिऱ्हाइके कोणाला परवडतील? पण दंडाला धरून बाहेर काढलेल्या म्हाताऱ्याची बाजू त्याहून खरी होती.

"पण तुमच्यासाठी केंद्रं आहेत ना?" मी विचारले. आहेत. १९७३ साली स्थापन झालेली न्यूयॉर्कची कोरियन समाजसेवा संस्था फ्लशिंगला आणि कोरोनाला वृद्धांची केंद्रे चालवते. (कोरोना हे क्वीन्समधल्या पेठेचे नाव आहे, साथीच्या पुष्कळ आधीचे.) तेथे दुपारचे जेवण, व्यायाम, गाणे, इंग्रजीचे वर्ग सगळे असते.

गुरुजी म्हणाले, "जातो ना. मंगळवारी जातो. पण तिथं मी म्हातारा असतो. इथं मी गिऱ्हाईक आहे."

ही माणसे अमेरिकेत आली कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. १९६५ साली तेथल्या कायद्याने आशियातल्या लोकांना दार उघडले. तरुण कोरियन आले, नागरिक झाले, आणि नागरिकाच्या आईबापांना संख्येची मर्यादा नसल्यामुळे त्यांनी आपापल्या आईबापांना बोलावून घेतले. अशा येण्याला कोरियनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ 'आमंत्रण' असा होतो. कागदोपत्री सगळे आमंत्रित पाहुणे. प्रत्यक्षात मुलगा आणि सून भाजीच्या किंवा कपडे धुण्याच्या दुकानात पहाटेपासून रात्रीपर्यंत उभी. मुले सांभाळायला घरात कोणीतरी हवे. हालमोनीने दोन नातवंडे लहानाची मोठी केली, रोज ताजी किमची घातली, भाजीच्या दुकानासाठी रात्री बसून कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधल्या. नातवंडे कॉलेजात गेली आणि एके सकाळी घरात करण्यासारखे काहीच उरले नाही.

आज ती सरकारी मदतीने चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत एका खोलीत एकटी राहते. हे ऐकून मी आपल्याकडची ठरीव हळहळ व्यक्त केली. मुलाने आईला टाकले, अमेरिकेत असेच चालायचे, वगैरे. गुरुजींनी ते भाषांतर करून सांगताच हालमोनी माझ्यावर जवळजवळ ओरडलीच.

"सुनेनं मला जा म्हटलं नाही! तिच्यावर तसं म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मी गेले. खोली मिळायला कितीतरी वर्षं रांगेत होते मी!"

समोरच्याच्या मनातले, त्याने न बोलता ओळखणे याला कोरियनमध्ये 'नुंची' म्हणतात. नुंची नसलेला माणूस म्हणजे अडाणी. हा गुण मोठा खरा, पण म्हातारपणी तो माणसाला पोखरतो असे मला वाटले. अमक्याला आपली अडचण होत असेल, तमक्याला वेळ नसेल, फोन केला तर सून जेवत असेल, असे ओळखत ओळखत माणूस शेवटी कोणालाच हाक मारीत नाही. आमच्या आईचे 'बरं आहे' हे त्याच घराण्यातले.

भाषेचे दुःख तर निराळेच. कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते आणि मान-अपमानाचा सगळा भार त्या क्रियापदावर असतो. थोरांचे 'जेवणे' निराळे, बरोबरीच्याचे 'खाणे' निराळे. इंग्रजी शाळेत वाढलेल्या नातवाला एकच क्रियापद ठाऊक. "तो इंग्रजीत बोलला तर माझ्या बायकोला कळायचं नाही," गुरुजी म्हणाले, "आणि कोरियनमध्ये बोलला तर तो तिला 'ए, खा' म्हणायचा. त्याच्या मनात प्रेमच होतं. पण ऐकताना तिचा घास अडकायचा." बाई आता नाहीत. २०२० च्या साथीत चर्च बंद, केंद्र बंद, आणि मग मार्च २०२१ मध्ये अटलांटा येथे आठ माणसे गोळ्या घालून मारली गेली, त्यांत चौघी कोरियन वंशाच्या बायका. रस्त्यात आशियाई म्हाताऱ्यांना ढकलल्याच्या, मारल्याच्या बातम्या रोज येत. मुलांनी आईबापांना बाहेर पडायची बंदी केली. त्या दोन वर्षांत टेबलाच्या तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. तेव्हापासून या मंडळींनी एक नेम ठरवला आहे. सकाळी सातला प्रत्येकाने फोनवरून इतरांना एक फूल पाठवायचे. फुलाचे चित्र, खरे नव्हे. साडेसातपर्यंत ज्याचे फूल येणार नाही, त्याच्या दारावर जवळ राहणाऱ्याने जाऊन थाप मारायची. एकट्याने मरून दिवसेंदिवस कोणाला पत्ता न लागणे याला कोरियनमध्ये स्वतंत्र शब्द आहे. गुरुजींनी तो मला सांगितला आणि लगेच हातातल्या कागदी रुमालावर लिहून खोडून टाकला.

गुरुजींचे स्वतःचे दुःख मात्र ते फार थोडक्यात सांगत. जन्म उत्तरेतल्या हामहुंगचा. डिसेंबर १९५० मध्ये हुंगनाम बंदरातून सुमारे लाखभर निर्वासित अमेरिकन जहाजांनी दक्षिणेकडे गेले, त्यांत आईचे बोट धरून आठ वर्षांचे हे होते. थोरला भाऊ आजीपाशी मागे राहिला, थोड्याच दिवसांत परत यायचे म्हणून. १९८३ साली दक्षिण कोरियाच्या दूरदर्शनवर ताटातूट झालेल्या कुटुंबांना भेटवण्याचा कार्यक्रम १३८ दिवस चालला. भाऊ कदाचित दक्षिणेत आला असेल, या आशेने गुरुजी रात्ररात्र संचासमोर बसले. पुढे २००० सालापासून दोन्ही सरकारांनी भेटी घडवल्या, २०१८ पर्यंत त्या होत राहिल्या. पण तोवर हे अमेरिकन नागरिक झालेले. त्या भेटी दोन कोरियांमधल्या. अमेरिकन माणसाला तेथे जागा नव्हती.

"तुम्ही नागरिक झालातच का?" मी विचारू नये ते विचारले.

तर त्यालाही कारण होते. ऑगस्ट १९९६ मध्ये अमेरिकेने कायदा करून नागरिक नसलेल्या परदेशी म्हाताऱ्यांचा सरकारी निर्वाहभत्ता बंद करायचे ठरवले. पुढच्या वर्षी आधीपासून तेथे राहणाऱ्यांपुरता तो बराचसा मागे घेण्यात आला, पण मधल्या काळात घाबरगुंडी उडाली. ज्यांना पाच वर्षे झाली होती ते सगळे नागरिकत्वाच्या परीक्षेला धावले. गुरुजींनी चर्चच्या तळघरात वर्ग काढला आणि साठी-सत्तरीच्या बायकांकडून वॉशिंग्टन, लिंकन, झेंड्यावरचे तारे हे सगळे कोरियन लिपीत लिहून घोकून घेतले. "माझा सर्वांत चांगला वर्ग तो," ते म्हणाले. "सगळ्या पास. आणि पास झाल्यावर सगळ्या रडल्या."

मी भारतातली म्हटल्यावर त्यांनी दोन गोष्टी काढल्या. एक, लढाई थांबल्यावर १९५३ मध्ये कैद्यांच्या राखणीला आलेली भारतीय फौज. तिचे सेनापती थोरात आमच्या कोल्हापूरकडचे, हे मी अभिमानाने सांगून घेतले. दुसरी, छ्वे इन-हून यांची १९६० सालची 'चौक' ही कादंबरी. तिचा नायक दोन्ही कोरिया सोडून तटस्थ देशाकडे निघतो, ते 'टागोर' नावाच्या भारतीय जहाजातून. "त्याला उत्तरेतही चौक सापडत नाही, दक्षिणेतही नाही," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्या चार हात लांबीच्या टेबलावर हात फिरवला. मला वाटते तो विनोद असावा.

आता मूळ गोष्टीकडे येते. दुसऱ्या आठवड्यात बोलता बोलता आईने नेहमीप्रमाणे छातीवर हात ठेवून उसासा टाकला. हालमोनी थांबली. तिने आपली मूठ वळली, स्वतःच्या छातीच्या मधोमध तीन वेळा आपटली, मग हाताने पोटातून गळ्याकडे वर चढणारी वाफ दाखवली आणि आईकडे बोट केले. आईने मान हलवली. हालमोनी गुरुजींकडे वळून एकच शब्द बोलली, "ह्वाब्योंग."

ह्वा म्हणजे अग्नी, ब्योंग म्हणजे रोग. वर्षानुवर्षे गिळलेला राग, गिळलेले दुःख छातीत गोळा होऊन पेटते. ऊब वर चढते, श्वास कोंडतो, झोप जाते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ सालच्या ग्रंथात या कोरियन आजाराची नोंद परिशिष्टात आहे. म्हणजे चार वर्षे तपासण्यांना जे सापडले नव्हते, ते एका भाजीवालीने मुठीने सांगितले. माझी आई कोणावर रागावली असेल? हा प्रश्न मला तेथे बसल्या बसल्या पडला, आणि उत्तर इतके जवळ होते की मी पावाचे तुकडे मोजू लागले. वडील गेल्यावर आठ महिन्यांत आम्ही भावंडांनी वाईचा वाडा विकला. आईने सही केली होती. "बरं आहे," म्हणून.

त्या रात्री मी दादाशी बोलले. दादाने मनोविकाराच्या डॉक्टरचे नाव काढताच आई उसळली, "मला काय वेड लागलंय?"

दुसऱ्या दिवशी मी हे गुरुजींना सांगितले. ते हसले. हालमोनीही तिच्या वेळी अक्षरशः हेच म्हणाली होती. अमेरिकेतल्या कोरियनांत दहांतले सात ख्रिस्ती, असे २०१२ च्या एका पाहणीत दिसले होते. चर्चमध्ये त्यांना जेवण मिळते, न्यायला गाडी येते, आणि दुकानात हमाली करणाऱ्याला तेथे 'वडीलधारे' अशी पदवीही मिळते. पण मनातले तेथे बोलता येत नाही. पाद्री प्रार्थना करील. पुढच्या रविवारी जेवणाच्या रांगेत सगळ्यांना ठाऊक झालेले असेल. शेवटी केंद्रातल्या एका कोरियन बोलणाऱ्या मुलीने हालमोनीला हळूहळू बोलते केले आणि कोरियन डॉक्टरकडे नेले. नावाची भीती मोठी असते. कोरियन डॉक्टरांनी २०११ साली एका मोठ्या मनोविकाराचे जुने नावच बदलून टाकले. आधी त्याचा अर्थ 'मन फाटण्याचा रोग' असा होता. नवा अर्थ वाद्याची तार लावण्याशी जुळणारा आहे. आपण मराठीत अजून 'छिन्नमनस्कता' म्हणतो. भाषेची माणसे म्हणून आम्ही दोघे यावर बराच वेळ बोललो, आणि त्या वेळात टेबलाच्या पलीकडे काय चालले आहे याकडे आमचे लक्षच नव्हते.

हालमोनीने पिशवीतून सात कप्प्यांची औषधांची डबी काढली होती. त्यातली एक बारीक पांढरी गोळी चिमटीत धरून तिने आईला दाखवली. छातीवर मूठ ठेवली, ती सावकाश उघडली. मग दोन्ही तळहात जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि घोरण्याचा आवाज काढला. आई हसली. मी गेल्यापासून प्रथमच. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्या डॉक्टरला मराठी येत नसेल ना?"

मराठी येणारा नव्हता. हिंदी येणारी मिळाली. आई जाते. सुरुवातीला म्हणे वाड्याबद्दलच बोलत असे.

निघण्याच्या आदल्या रात्री मी तिला विचारले, "चलतेस माझ्याबरोबर पुण्याला?" ती तुळशीला पाणी घालीत होती. म्हणाली, "तुझ्या चौथ्या मजल्यावर मी कुणाकडे बघत बसू? ओटा तर विकलात." आवाजात राग होता. खराखुरा, मोकळा राग. मी खाली मान घालून ऐकून घेतला.

परवा फोन केला तेव्हा तिकडे सकाळ होती. सातच्या फुलांत आता तिचेही एक फूल असते, जास्वंदीचे. हालमोनीला गुडघ्यासाठी मुलाकडे महिनाभर नेणार आहेत, गुरुजींना ऐकायला कमी येऊ लागले आहे, बेकरीवाल्याने पावाची किंमत वाढवली, हे सगळे तिने भराभरा सांगितले. मी विचारले, "आणि तू कशी आहेस?"

"काल झोपले नाही मेली. उद्या डॉक्टरीणबाईला सांगणार आहे," आई म्हणाली. "बरं, ठेव आता. उशिरा गेलं की भिंतीकडची खुर्ची जाते."